लोडातल्या थैल्या

आमच्या दुकानात सागाचं एक स्टूल होतं. वरच्या फळीवरचे तागे काढायला अब्बांनी ते करवून घेतलं होतं, आणि मी त्याचा उपयोग भाषणासाठी करत असे. अहेरीच्या बाजारओळीतलं आमचं कापडाचं दुकान. अब्बा गल्ल्यावर बसत आणि कमी बोलत. मी फळ्यांसमोर उभा राहून जास्त बोले. गिऱ्हाईक त्यांच्या न बोलण्यावर विश्वास ठेवून येई आणि माझ्या बोलण्यावर हसून जाई. कामाची ही वाटणी आम्हा दोघांनाही मान्य होती. तक्रार फक्त अब्बांची होती, आणि तीही ते बोलून दाखवत नसत.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी आमच्याकडे पन्नी आली. पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी. त्याआधी आम्ही कापड वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधून देत होतो आणि गिऱ्हाईक ते आपल्या थैलीत टाकून नेत होतं. नागपूरच्या एका छपाईवाल्याने मला पटवलं की पांढऱ्या पन्नीवर निळ्या शाईत दुकानाचं नाव छापलं की ती पन्नी जिथं जाईल तिथं दुकान जाईल. मला हे इतकं पटलं की मी पाच हजार पन्न्या सांगून आलो. एसटीच्या टपावरून त्या उतरल्या तेव्हा अब्बांनी विचारलं, "एवढं कापड तरी आहे का आपल्याकडे?"

अडचण निराळीच निघाली. लोक पन्नी घेत नव्हते. थैली आहे ना, म्हणत. मग बाजाराच्या दिवशी मी स्टूल दुकानासमोर रस्त्यात आणलं, वर चढलो आणि जाहीर केलं की जुनी थैली द्या, नवी पन्नी घ्या. गर्दी जमली. मी एका पन्नीत घागरभर पाणी ओतलं आणि ती दांडीला लटकवली. एक थेंब गळला नाही. "तुमच्या थैलीत पाणी राह्यते का?" मी विचारलं. "आम्ही थैलीत पाणी काऊन ठेवू?" असं एका शहाण्याने विचारलंच, पण हशा माझ्या बाजूने होता.

त्या गर्दीत ती म्हातारी होती.

ती जंगलातल्या एका गोंडी गावाची. एसटी जिथून परत वळते तिथून पुढं दोन तास पायी. तिचं गाव लहान, पण त्या गावातला कोणताही बस्ता तिच्या शब्दाशिवाय होत नसे. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. आमच्याकडे ती सुटी सुटी करत नाहीत. दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी एकाच दुकानात बसतात आणि नवरीच्या लुगड्यापासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एकदम घेतात. दुकानदार चहा पाजतो. शेवटी गाठोडं बांधलं की अब्बा गल्ल्यातून, आपल्या तसबीच्या, म्हणजे जपमाळेच्या, बाजूला ठेवलेली पितळेची डबी काढत आणि गाठोड्याला हळदीचं बोट लावत. तोवर बस्ता झाला असं कुणी म्हणत नसे. त्या गावाचे बस्ते अब्बांच्या तरुणपणापासून आमच्याकडे होते.

तिच्या खांद्याला खाकी थैली होती. जंगलात कूप तोडायच्या, म्हणजे वनखात्याने आखून दिलेली झाडं पाडायच्या, कामावर असताना तिच्या नवऱ्याला कुणा गार्डाने जुना शर्ट दिला होता. नवरा गेला, तेव्हा तिने त्या शर्टाची थैली शिवली. आपल्या हाताने, जाड दोऱ्याने, आणि शर्टाचा खिसा तसाच ठेवून. थैलीला बाहेरून खिसा, खिशाला झाकण, झाकणाला बटण. तिचा तंबाखू आणि चुन्याची डबी त्यात असे. अहेरीच्या बाजारात खिसेवाली थैली ती एकच.

साहजिकच मला तीच हवी होती.

"बाई, द्या ती थैली," मी स्टुलावरून म्हणालो.

"नाई देत. पन्नीले खिसा कुठी हाये?"

"खिसा कायले पाह्यजे? पन्नी आरपार दिसते. डबी कुठी गेली ते हुडकावंच लागत नाई."

ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ती हसली की आपण जिंकलो असं वाटायचं. तिच्या हाताला तिची नात होती, सहा-सात वर्षांची. मी स्टुलावरून उतरलो, त्या पोरीला वर उभं केलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, आजपासून तुमी थैली आणाचीच नाई. या दुकानात तुमाले पन्नी फुकट, या पोरीले फुकट, हिच्या बस्त्यापर्यंत फुकट. आन् हिचा बस्ता आमच्याच दुकानात."

"भाऊ," म्हातारीने आत गल्ल्यावरच्या अब्बांना विचारलं, "हा पोरगा म्हणते ते खरं का?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोललाय तर खरंच म्हणा."

तिने डबी काढून कमरेला खोचली आणि थैली मला दिली.

त्या दिवशी साठ-सत्तर थैल्या जमल्या. त्यांचं काय करायचं याचा मी विचार केलेला नव्हता. भाषण करणारे पुढचा विचार करत नाहीत. अब्बांनी आमच्या नात्यातल्या पिंजाऱ्याला बोलावलं आणि दुकानाच्या गादीवरचे तीन लोड नवे भरून घ्यायचं ठरवलं. पिंजारी म्हणाला, चिंध्या केल्या तर बरं भरतील. अब्बा म्हणाले, "लोकांचं कापड आहे. कात्री लावायची नाही." म्हणून अख्ख्या थैल्या घड्या घालून लोडात गेल्या, आणि पुढची बारा वर्षं गिऱ्हाईक आपल्याच थैल्यांवर टेकून आमच्याशी भाव करत राहिलं.

ती बारा वर्षं पन्नीची होती. आमची निळी अक्षरं कुठं कुठं गेली म्हणून सांगू. पावसात माणसांच्या डोक्यावर गेली. रेशनकार्डांना गुंडाळून तहसीलमध्ये गेली. धानाच्या बांधीत बुजगावण्याच्या हातात फडफडली, आणि रानडुकरांनाही आमच्या दुकानाचा पत्ता कळला. एकदा मी कुरखेड्याला लग्नाला गेलो, तर नवरदेवाचे जोडे आमच्या पन्नीत. मी आनंदाने जेवणात दोन बुंदीचे लाडू जास्त खाल्ले.

मग मुंबईत पन्न्यांनी गटारं अडून पाणी तुंबलं. पाणी तुंबलं मुंबईत आणि पन्नी बंद झाली आमची. पातळ पन्न्या दिसल्या तर दंड, असं फर्मान आलं. जाड पन्नी चालेल, पण ती महाग. बाजारओळीतल्या व्यापाऱ्यांची बैठक भरली, समोरच्या शेटजींच्या दुकानात. समोरचे शेटजी म्हणजे रस्त्यापलीकडचे आमचे प्रतिस्पर्धी. वीस वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं मोजत होतो आणि ईद-दिवाळीला एकमेकांकडे फराळ धाडत होतो. ठराव असा झाला की जाड पन्नी ठेवायची, एका पन्नीचा एक रुपया घ्यायचा, आणि कुणीही, कुणालाही, फुकट द्यायची नाही. एकानं दिली तर सगळे बुडाले. शपथ घेतली. शपथ घेताना निम्म्या लोकांच्या तळहातावर पन्नीचा तुकडा होता, कारण खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, त्यातच घोटतात. शेटजी घोटता घोटताच "बिलकुल, बिलकुल" म्हणत होते.

या ठरावावर भाषण कुणी केलं असेल, ते वाचकाला सांगायला नको.

पाटीही मीच रंगवली. "पन्नीचा एक रुपया पडेल. कृपया थैली सोबत आणावी." भोवती वेलबुट्टी काढली.

पहिल्या बाजाराच्या दिवशी मला समजलं की माणूस लुगड्याचे पन्नास रुपये जास्त देऊन विसरतो, पण पन्नीचा रुपया त्याला थेट काळजात लागतो. एका गुरुजींनी पाटी मोठ्याने वाचली, दोनदा, आणि मला म्हणाले, "'कृपया' लिहिलंय. शब्द बरोबर आहे. वृत्ती चूक आहे." ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला असलेला एक जण सुटीवर आला होता. त्याने रुपयाची पावती मागितली. मी दिली. त्याने ती घडी करून पाकिटात ठेवली आणि तिकडच्या मित्रांना दाखवीन म्हणाला. एका बाईने घेतलेले चारही ब्लाऊजपीस डोक्यावर पदरासारखे टाकले आणि पूर्ण बाजार तशीच फिरली, प्रत्येकाला थांबवून कारण सांगत. एका म्हाताऱ्याने पन्नी उजेडात धरली, फुंकून फुगवली, कानाशी नेली.

"रुपयात दोन दे."

"नाई परवडत, भाऊ."

"मंग रंग गेला तं वापस घेशीन का?"

आणखी एकाने आमचीच जुनी, निळ्या अक्षरांची, धुऊन घडी केलेली पन्नी काढली आणि विचारलं, याचे किती देता.

मी त्या दिवशी खूप हसलो. हसवलंही. पण संध्याकाळी दुकान आवरताना लक्षात आलं की पुष्कळ लोक काही न बोलता गेले होते. एरवी भांडून जाणारे. ते पाटीकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत, आणि कापड काखेत मारून चालू लागत. त्यांच्या खांद्याला थैली नव्हती, कारण त्यांच्याकडे थैलीच नव्हती. अब्बा म्हणाले, "पाटी काढ." मी म्हणालो, "शपथ घेतली आहे." अब्बा यावर गल्ला मोजू लागले. शपथ म्हटलं की ते पुढं हट्ट धरत नसत.

त्याच लग्नसराईत म्हातारी नातीचा बस्ता करायला आली.

सोबत नात, आणि नवरदेवाकडची दोन मोठी माणसं. पोरगी उंच झाली होती, लाजत होती, पण स्टुलाकडे पाहून तिने मला ओळख दिली. मला स्वतःचा अभिमान वाटला, का ते माहीत नाही. गादीवर सगळे लोडांना टेकून बसले. चहा झाला. मी त्या दिवशी फार रंगात होतो. लुगडी उलगडली, गुंडाळली, खांद्यावर घेतली, नवरदेवाकडच्या माणसाला फेटा बांधून दाखवला. नातीने पिवळ्यावर लाल काठाचं लुगडं दोनदा बाजूला ठेवलं आणि दोनदा परत घेतलं, तेव्हा म्हातारी गोंडीत तिला काही म्हणाली. मला गोंडी दुकानापुरती येते. रंग, आकडे आणि शिव्या. ती म्हणाली होती, घे, लाल घे.

दुपारी अब्बा नमाजला गेले. बस्ता तोवर उरकला होता, फक्त हळदीचं बोट राहिलं होतं आणि त्यासाठी अब्बांनी डबी उघडून ठेवली होती. गठ्ठा मोठा होता, तीन पन्न्या लागणार होत्या. आता इथं मी दाराकडे पाहिलं, आणि दारात शेटजींचा मुनीम उभा होता. काही काम नव्हतं त्याला. नुसता उभा होता, खर्रा घोटत, माझ्या हाताकडे पाहत.

मी हिशेब सांगितला आणि म्हणालो, "आन् पन्नीचे तीन."

नवरदेवाकडचा माणूस चहाचा कप ठेवत होता, तो ठेवता ठेवता थांबला.

"कायचे तीन?" म्हातारी म्हणाली.

"पन्नीचे, बाई. एका पन्नीचा रुपया. आता नियम हाये."

"बस्त्याच्या पन्नीचे?"

मुनीम दारात होता. मी पाटीकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तिने पाटीकडे पाहिलं, वेलबुट्टीकडे पाहिलं, आणि मग नातीकडे पाहिलं. नातीने मान खाली घातली होती. नवरदेवाकडच्या माणसांसमोर तिच्या आजीचं दुकान, जिथं ती तीस वर्षं बस्ते आणत होती, तीन रुपये मागत होतं.

म्हातारी भांडेल असं मला वाटलं होतं. भांडण मला आवडतं, त्यात मला बोलता येतं. ती शांतपणे म्हणाली, "बरं. पन्नी नको मले. माही थैली दे."

"कोणती थैली?"

"खिशाची. तू मांगून घेतली होतीस त्या स्टुलावरून. पन्नी फुकट हाये म्हणून थैली देल्ली. आता पन्नी फुकट नाई, तं थैली दे."

मी लोडांकडे पाहिलं. थैली तिच्या कोपराखाली होती, किंवा बाजूच्या माणसाच्या पाठीमागे. मला नक्की माहीत नव्हतं कोणत्या लोडात.

मी म्हणालो, "बाई, बारा वर्षं झाली."

"हो. पोरगी मोठी झाली," ती म्हणाली.

तेवढ्यात अब्बा परत आले. त्यांनी दारातल्या मुनिमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मोकळ्या तीन पन्न्यांकडे पाहिलं. काय झालं ते म्हातारीनेच त्यांना सांगितलं, थोडक्यात. अब्बांनी टोपी काढून गल्ल्यावर ठेवली.

"बस्त्यावर?" त्यांनी मला विचारलं. बस, एवढंच.

"शपथ होती," मी म्हणालो.

अब्बांनी कापड कापायची कात्री घेतली, गादीवर बसले आणि पहिल्या लोडाची शिवण उसवायला लागले. मी त्यांच्या हातातून कात्री घ्यायला गेलो, त्यांनी दिली नाही. पहिल्या लोडातून थैल्या निघाल्या. पट्ट्यांच्या, साखरेच्या पोत्याच्या, चादरीच्या, एक तर कुणाच्या निकरची. बारा वर्षांची घडी पडलेल्या, माणसांच्या पाठीच्या वजनाने इस्त्री झालेल्या. खाकी नव्हती. दुसरा लोड फाडला. त्यातही नव्हती. दुकानात आता बाजारातले लोक शिरले होते. एका बाईने ढिगातून एक हिरवी थैली उचलली आणि नाकाशी नेली. दुसऱ्याने मला विचारलं, "हे सारं तुमी आमच्याच पाठीखाली ठेवलं होतं का?" मी हो म्हणालो. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने आपली थैली शोधली आणि घेऊन गेला.

तिसरा लोड अब्बांचा होता, गल्ल्यामागचा. त्यात खाकी थैली अगदी मधोमध होती. खिसा, झाकण, बटण.

अब्बांनी ती झटकली आणि दोन हातांनी म्हातारीला दिली. "बाई, माफ करा," ते म्हणाले. अब्बांनी गिऱ्हाइकाची माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"भाऊ, तुमी काऊन?" ती म्हणाली. खिशाचं बटण काढून तिने आत बोट फिरवलं. जुना तंबाखू निघाला, पिठासारखा झालेला. तिने तो बाहेर झटकला. मग कमरेची गाठ सोडली, त्यातून एक रुपया काढला आणि माझ्यासमोर, गादीवर ठेवला.

"हे काय, बाई?"

"थैली ठेवल्याचं भाडं. फुकट कशी ठेवशीन तू?"

ती उठली. नात उठली. नवरदेवाकडचे दोघे उठले, त्यातल्या एकाच्या डोक्यावर अजून माझा फेटा होता. तो त्याने उतरवून कापडांच्या गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठा तसाच राहिला. अब्बांची पितळेची डबी उघडी होती.

ते रस्ता ओलांडून समोर गेले. मी दारात उभा राहून पाहिलं. मुनीम धावत पुढं गेला होता आणि शेटजी स्वतः उठून "या, बाई, या" म्हणत होते. वीस वर्षांत त्यांना कधी उठलेलं पाहिलं नव्हतं मी. दीड तासाने माणसं बाहेर पडली. म्हातारीच्या खांद्याला खाकी थैली भरलेली. नातीच्या हातात शेटजींची जाड, चकचकीत, कोरी पन्नी, आणि नवरदेवाकडच्यांच्या हातात आणखी दोन.

मी रस्ता ओलांडला आणि शेटजींना म्हणालो, "फुकट दिल्या ना तुम्ही? शपथ काय झाली?"

शेटजींना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, ते नाटक नव्हतं. नाटक मला ओळखता येतं.

"बस्त्याची पन्नी कोणी विकते का, बाबू?" ते म्हणाले. "हे बैठकीत सांगावं लागते का?"

मी वळलो तेव्हा नात अजून रस्त्यात होती. एसटीची वाट पाहत सगळे पिंपळाखाली उभे होते. तिने मला पाहिलं आणि हातातली पन्नी दुसऱ्या हातात घेतली, मला दिसणार नाही अशी. तिला कदाचित स्टूल आठवलं असेल. एसटी आली.

दुकानात अब्बा ढिगाजवळ बसून उरलेल्या थैल्यांच्या घड्या घालत होते. ज्या कुणी नेल्या नाहीत त्या. पुढं दर बाजाराला ते त्या दारात मांडून ठेवत आणि एकेकाला विचारत, तुमची आहे का. काही ओळखल्या गेल्या. पाटी अब्बांनीच उतरवली, त्याच संध्याकाळी. त्या गावाचे बस्ते मात्र समोरच राहिले. लोड आम्ही परत भरले नाहीत. रिकाम्या खोळी गादीवर पडून असतात, आणि नवं गिऱ्हाईक सवयीने मागे रेलतं आणि दचकून सरळ बसतं.

तो रुपया अब्बांनी गल्ल्यात टाकू दिला नाही. हळदीच्या डबीत ठेवला. आता गल्ल्यावर मी बसतो. बस्ता झाला की डबी उघडतो, बोट बुडवतो, आणि दर वेळी आधी तो हाताला लागतो.